जोडीदार गेलेल्या गिनीपिग मादीला सशासोबत ठेवावे का?

ओंजळ

नमस्कार. आमच्याकडे साडेतीन वर्षांची एक गिनीपिग मादी आहे. तिच्यासोबत पिल्लू असल्यापासून वाढलेली तिची बहीण तीन आठवड्यांपूर्वी मूत्राशयातील खड्याच्या आजाराने गेली. तेव्हापासून ही मादी बहुतेक वेळ लपणाच्या कोपऱ्यात बसून असते, भाजी चिरण्याचा आवाज आला की पूर्वी जी शीळ घालायची ती जवळजवळ बंद झाली आहे आणि सुके गवतही आमच्यापैकी कोणी शेजारी बसले तरच खाते. तिचे वजन ९४० ग्रॅमवरून ८८५ ग्रॅमवर आले आहे. पशुवैद्यांनी दात, पोट आणि लघवी तपासली. त्यांना आजार आढळला नाही आणि तिला सोबत हवी आहे असे त्यांचे मत पडले.

आता प्रश्न असा आहे की ही सोबत कोणाची असावी. घरात दोन वर्षांचा एक ससा आहे. तो नर असून त्याची नसबंदी झालेली नाही, वजन सुमारे दोन किलो आहे आणि स्वभावाने तो अतिशय शांत आहे. त्याचे कुंपण मोठे आहे आणि जाळीतून दोघांनी एकमेकांना हुंगले तेव्हा काहीही वावगे घडले नाही. घरातील बहुतेकांचे म्हणणे असे की दोघेही एकेकटे आहेत, दोघेही गवत खातात, तेव्हा त्यांना एकत्र ठेवले तर दोघांचाही प्रश्न सुटेल. मुलाकडे एक हॅमस्टरही आहे आणि तो अधूनमधून तिच्या पिंजऱ्यात सोडता येईल का, असे मुलगा विचारतो.

दुसरा पर्याय म्हणजे एका परिचितांकडे गिनीपिगची पिल्ले झाली आहेत आणि त्यांतील सहा आठवड्यांची एक मादी ते द्यायला तयार आहेत. मला मात्र अशी भीती वाटते की इतकी वर्षे एकाच बहिणीसोबत राहिलेली प्रौढ मादी परके पिल्लू स्वीकारणार नाही आणि त्याला इजा करील. बहीण गमावल्यानंतर तिला आणखी त्रास होऊ नये एवढीच माझी इच्छा आहे. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

कवडसा

आपल्या मादीबद्दल वाचून वाईट वाटले. वजनातील घट आपण लगेच टिपली हे फार बरे झाले, कारण गिनीपिग आजार आणि दुःख दोन्ही शेवटपर्यंत लपवतो आणि वजनकाटाच आधी बोलतो. सध्या तिचे वजन रोज, शक्यतो एकाच वेळी, करत राहावे. तिने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या कमी झाल्या, तर सोबतीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. या प्राण्याचे आतडे सतत चालू राहावे लागते आणि ते थांबले की जीवावर बेतते.

सशाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: त्याला तिच्यासोबत एका कुंपणात ठेवू नये. तो शांत आहे याबद्दल मला शंका नाही, पण धोका त्याच्या स्वभावात नसून त्याच्या शरीरात आहे. सशाचे मागचे पाय उडी मारण्यासाठी आणि शत्रूला लाथ मारण्यासाठी घडलेले असतात. दोन किलोचा ससा दचकून उसळला आणि त्याची लाथ एक किलोपेक्षाही हलक्या प्राण्याच्या पाठीवर बसली, तर पाठीचा कणा मोडू शकतो किंवा आतून रक्तस्राव होऊ शकतो, आणि यात सशाचा काडीचाही राग नसतो. त्यातून आपला ससा नसबंदी न झालेला नर आहे. असे नर समोर जो प्राणी असेल त्याच्यावर चढतात आणि त्याचा पिच्छा सोडत नाहीत. अंगाने लहान असलेल्या गिनीपिगला तेथून निसटायला जागाच उरत नाही.

दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते अधिक घातक आहे. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका नावाचा जिवाणू अनेक सशांच्या नाकात आणि श्वासनलिकेत कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. तोच जिवाणू गिनीपिगमध्ये गेला की त्याला न्यूमोनिया होतो आणि तो अनेकदा प्राणघातक ठरतो. ससा अगदी निरोगी दिसतो, शिंकतही नाही आणि तरीही संसर्ग देतो. जाळीतून हुंगण्याचा प्रकारही म्हणून थांबवावा आणि सशाला हात लावल्यावर हात धुऊनच तिच्याकडे जावे. येथेच एक गोष्ट सांगतो, कारण ती माहीत नसल्यामुळे प्राणी दगावतात: गिनीपिगला सर्दी किंवा धाप दिसली म्हणून घरातले माणसांचे प्रतिजैविक कधीही देऊ नये. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन या गटातील औषधे पोटात गेल्यास त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट होतात आणि त्यातूनच मृत्यू ओढवतो.

दोघेही गवत खातात हे खरे, पण साम्य तेथेच संपते. गिनीपिगचे शरीर माणसाप्रमाणेच ‘क’ जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. ते त्याला रोज आहारातून मिळावे लागते, साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम. ससा ते स्वतःच्या शरीरात तयार करतो, म्हणून सशासाठीच्या दाणेदार खाद्यात ते पुरेसे नसते. एका ताटात जेवणाऱ्या या जोडीत गिनीपिगचे सांधे दुखू लागतात, हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा भरत नाहीत, पण कारण मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांची भाषा वेगळी आहे. गिनीपिग आवाजाने बोलतो. कळपात खाताना, फिरताना, एकमेकांच्या मागून जाताना त्याची कुरकुर अखंड चालू असते. ससा जवळजवळ मुका असतो, अंगाच्या ठेवणीवरून बोलतो आणि डोके खाली घालून ‘मला चाट’ असे सुचवतो. गिनीपिग एकमेकांना फारसे चाटत नाहीत, त्यामुळे समोरचा डोके का घालतो आहे हे तिला कळणारच नाही. पुष्कळ घरांत हे दोन प्राणी एका कोपऱ्यात चिकटून बसलेले दिसतात आणि लोकांना ती मैत्री वाटते. मला त्यात दोन एकटे जीव दिसतात. आपल्या सशालाही, नसबंदी झाल्यावर, ससाच सोबती हवा आहे.

हॅमस्टरविषयी थोडक्यात सांगतो. तो प्रौढपणी एकटा राहणारा, रात्री जागणारा आणि आपल्या जागेसाठी चावणारा प्राणी आहे. सोनेरी म्हणजे सीरियन हॅमस्टर तर दुसऱ्या सीरियन हॅमस्टरलाही सहन करत नाही. त्याला घटकाभरही तिच्या पिंजऱ्यात सोडू नये. मुलाला हे समजावून सांगितले तर तो नक्की ऐकेल.

रानवाट

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे, पण मी एकेकाळी याच्या उलट मत हिरिरीने मांडत असे, म्हणून माझा अनुभव लिहिणे मला कर्तव्य वाटते. आमच्याकडे एक ससा आणि एक गिनीपिग चौदा महिने एकत्र राहिले. ते शेजारी शेजारी झोपत, एकाच ढिगातले गवत खात आणि आम्ही त्यांची छायाचित्रे सर्वांना कौतुकाने दाखवत असू. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडे पडले. ससा दचकून उसळला आणि खाली येताना गिनीपिगच्या अंगावर आला. तिचा मागचा पाय मोडला. ती त्यातून वाचली, पण त्या पायाने पुन्हा नीट चालली नाही.

त्या चौदा महिन्यांत एकही भांडण झाले नव्हते. म्हणूनच ‘आमच्याकडे कधी काही झाले नाही’ या वाक्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. आणखी एक गोष्ट मला नंतर उमगली. तिला वेगळे करून दुसऱ्या गिनीपिग मादीच्या सोबतीला ठेवल्यावर ती असे आवाज काढू लागली, जे आम्ही त्या चौदा महिन्यांत एकदाही ऐकले नव्हते. ती सशाजवळ शांत होती असे आम्ही समजत होतो. ती गप्प होती.

पारिजात

आपण ज्या पिल्लाचा उल्लेख केला आहे त्याबद्दल घाई करू नये, कारण ‘सहा आठवड्यांची मादी’ या तीन शब्दांत दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत.

पहिला प्रश्न असा की ती खरोखर मादी आहे का. लहान वयात नर आणि मादी ओळखण्यात अनुभवी माणसांचीही चूक होते. मादीच्या बाबतीत शेपटीच्या जागी असलेल्या भागाची रचना इंग्रजी ‘वाय’ या अक्षरासारखी दिसते. नराच्या बाबतीत एक ठिपका आणि त्याखाली रेघ अशी रचना दिसते आणि वरच्या बाजूला बोटाने अगदी हलका दाब दिला तर लिंग बाहेर येते. हे घरी करून पाहण्यापेक्षा पशुवैद्यांकडून खात्री करून घ्यावी आणि ती झाल्याशिवाय पिल्लाला आपल्या मादीजवळ क्षणभरही सोडू नये. मी इतक्या कडक शब्दांत लिहितो आहे याचे कारण आपल्या मादीचे वय आहे. ज्या मादीला सहा ते आठ महिन्यांच्या आत पिल्ले झालेली नसतात, तिच्या ओटीपोटाच्या हाडांचा सांधा पुढे घट्ट होत जातो. मग गर्भ राहिलाच तर प्रसूतीच्या वेळी तो सांधा पुरेसा उघडत नाही. गिनीपिगची पिल्ले अंगावर केस, उघडे डोळे आणि दात घेऊन जन्मतात, म्हणजे आकाराने मोठी असतात. साडेतीन वर्षांच्या, कधीही न व्यालेल्या मादीसाठी अपघाताने राहिलेला गर्भ म्हणजे बहुधा शस्त्रक्रिया किंवा मृत्यू.

दुसरा प्रश्न पिल्लू मादीच असेल तर उद्भवतो. गिनीपिग नर तीन आठवड्यांच्या सुमारास प्रजननक्षम होऊ शकतो आणि मादी चार आठवड्यांच्या सुमारास. ते पिल्लू सहा आठवड्यांपर्यंत भावांसोबत किंवा वडिलांसोबत राहिले असेल, तर ते आताच गाभण असू शकते. परिचितांना नेमके हे विचारा की नर पिल्ले कोणत्या दिवशी वेगळी केली. उत्तर अंदाजाने आले, तर ती वेगळी केलेली नाहीत असेच धरून चालावे. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो, त्यामुळे आपल्याकडे आल्यावर दोन महिन्यांनीही पिल्ले होऊ शकतात.

या दोन्ही गोष्टींची खात्री पटली, तर मात्र प्रौढ मादी आणि लहान मादी ही जोडी बहुतेक वेळा चांगली जमते, कारण पिल्लू मोठीचा वरचष्मा सहसा निमूटपणे मान्य करते. तेच पिल्लू चार-पाच महिन्यांचे झाले की डोके वर काढते आणि थोडी कुरबुर होते, पण ती निभावते. त्याहून स्थिर जोडी म्हणजे एक मादी आणि नसबंदी झालेला नर. त्यात दोघांची पदे जवळजवळ आपोआप ठरतात. दोन नरही एकत्र राहू शकतात, मात्र जागा अधिक लागते, जवळपास मादीचा वास असता कामा नये आणि दोनाचे तीन कधीही करू नयेत. चार महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंतच्या वयात नर फार भांडखोर असतात. वयात येताना मोठ्या नरांच्या सहवासात वाढलेले नर इतरांशी नमते-जुळते घ्यायला शिकतात आणि एकटे वाढलेले नर परक्या नराशी लगेच भिडतात, हे या प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासातून दिसून आले आहे. आपल्याला या तपशिलाची गरज नाही, परंतु हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला असू शकते.

विलगीकरण हा शब्द ऐकला की अनेकांना ते अतिरेकी वाटते. तरीही नवा प्राणी किमान दोन, शक्यतो तीन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा. खरजेचे किडे कातडीच्या आत राहतात आणि सुरुवातीला दिसत नाहीत. गजकर्णाची बुरशी प्राण्याकडून माणसालाही होते, विशेषतः मुलांना. आधी आपल्या मादीचे सर्व काम उरकावे, मग नव्या पिल्लाचे, आणि त्यानंतर हात धुऊन कपडे बदलावेत. ती दुःखात आहे म्हणून आज पिल्लू आणून आजच तिच्याजवळ ठेवण्याचा मोह होईल. तो आवरावा.

सांजवेळ

भेट कशी घडवावी याबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून मी लिहिते. मी आजवर नऊ गिनीपिगच्या जोड्या जमवल्या आहेत आणि त्यांतील दोन जमल्या नाहीत. जमल्या नाहीत त्या दोन्ही वेळी चूक माझी होती.

पहिल्या वेळी मी नव्या मादीला थेट जुनीच्या पिंजऱ्यात ठेवले. जुनीच्या दृष्टीने तिच्या घरात कोणीतरी घुसले होते. भेट नेहमी अशा जागी व्हावी जी दोघींचीही नाही: खोलीच्या मधोमध जाळीचे तात्पुरते कुंपण, खाली स्वच्छ चादर आणि मध्ये सुक्या गवताचा एवढा मोठा ढीग की दोघींना एकमेकींचे तोंड न पाहता खाता येईल. पहिल्या भेटीत मी कोणतेही लपण ठेवत नाही. ठेवायचेच असेल तर दोन्ही बाजूंनी उघडे असावे, कारण एकाच दाराच्या घरात एक जण कोंडला जातो आणि खरी दुखापत तेथेच होते. दिवस असा निवडावा की आपल्याला चार-पाच तास उठावे लागणार नाही.

मग बसून पाहावे, आणि हेच सर्वांत अवघड आहे. मोठी मादी लहानीचा पाठलाग करील, तिचे बूड हुंगील, तिच्यावर चढेल, घुमल्यासारखा आवाज काढत कंबर डोलवत तिच्याभोवती फिरेल. लहानी किंचाळेल, आणि ते ऐकून आपले काळीज हलेल. पण त्या किंचाळण्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मला लागले’ असा नसून ‘तू मोठी, मी ऐकते’ असा असतो. नाक वर करून एकमेकींसमोर उभे राहणे, तोंडातले गवत ओढून नेणे, ढुशी देणे हे सगळे चालायचेच. येथे आपण हात घालून दोघींना वेगळे केले, तर मान ठरण्याचे काम अर्धवट राहते आणि पुढच्या भेटीत सगळे पहिल्यापासून सुरू होते. माझी दुसरी जोडी अशीच फिसकटली. मी दर दहा मिनिटांनी त्यांना उचलत होते.

दात कटकट वाजू लागले, मानेवरचे केस पिंजारले आणि जबडा वासून दात दाखवले, तर सावध व्हावे. अशा वेळी मी गवताची आणखी एक मूठ मध्ये टाकते किंवा दोघींच्या मध्ये पुठ्ठा धरते आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते. दोघी एकमेकींवर झेप घेऊन गोल चेंडूसारख्या गुंतल्या किंवा रक्त आले, तर भेट तेथेच संपवावी. मात्र उघड्या हाताने कधीही सोडवू नये. जाड टॉवेल टाकावा किंवा मध्ये फळी सरकवावी. माझ्या अंगठ्यावर त्या चुकीचा व्रण आहे. रक्त निघालेली जोडी मी पुन्हा त्याच आठवड्यात एकत्र आणत नाही.

एक जण आडवी पसरून पाय ताणून बसली किंवा दोघी एकाच ढिगातून शेजारी उभ्या राहून खाऊ लागल्या, की समजावे काम होत आले. मग त्यांना त्यांच्या कायमच्या घरात न्यावे, पण ते घर त्याआधी पूर्ण धुतलेले असावे, लपणांची जागा बदललेली असावी आणि प्रत्येक वस्तू दोन असावी: पाण्याच्या दोन बाटल्या, दोन वाट्या, दोन लपणे आणि गवताच्या दोन जागा. पहिल्या रात्री मी त्यांच्याच खोलीत झोपते. मादीला दर १५ ते १७ दिवसांनी माज येतो आणि त्या दिवशी जुळलेल्या जोडीतही चढणे आणि पाठलाग पुन्हा दिसतो, तेव्हा घाबरून जाऊ नये.

अंघोळ घालून वास घालवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तो मानू नये. ओले, थरथरणारे आणि आधीच घाबरलेले दोन प्राणी एकमेकांना काय ओळखणार?

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. सशाचा विचार आम्ही सोडून दिला आहे, त्याचे कुंपण दुसऱ्या खोलीत नेले आहे आणि त्याच्या नसबंदीसाठी वेळही घेतली आहे. रानवाट यांचे शेवटचे वाक्य मी घरात सर्वांना वाचून दाखवले. त्यानंतर वाद उरला नाही.

पारिजात यांच्या सांगण्यानुसार पिल्लाला आणले त्याच दिवशी पशुवैद्यांकडे नेले. ते नर आहे. आपला प्रतिसाद वाचला नसता, तर मी त्याला त्या संध्याकाळी तिच्या कुशीत ठेवले असते, आणि या विचाराने मला अजूनही झोप येत नाही. सध्या तो वेगळ्या खोलीत आहे. परिचित त्याला परत घ्यायला तयार आहेत. पण परवा तो रडल्यासारखा ओरडला तेव्हा दोन बंद दारांपलीकडून आमच्या मादीने उत्तर दिले. बहीण गेल्यापासून इतका मोठा आवाज तिने पहिल्यांदाच काढला. त्यामुळे त्याला परत पाठवावेसे वाटत नाही. नसबंदी केली तर तो लगेच तिच्यासोबत राहू शकेल का? आणि तोपर्यंत त्या दोघांना एकमेकांचा सहवास कसा द्यावा? सध्याचा पिंजरा १०० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद आहे. तो दोघांना पुरेल का?

पारिजात

लगेच मुळीच नाही. नसबंदीनंतरही नलिकांमध्ये शुक्राणू उरलेले असतात, म्हणून त्याला पूर्ण सहा आठवडे मादीपासून वेगळे ठेवावे लागते. जखम दोन आठवड्यांत भरते आणि प्राणी ठणठणीत दिसतो, आणि नेमके याच टप्प्यावर लोक धीर सोडतात. दिनदर्शिकेवर तारीख लिहून ठेवा आणि तिच्या एक दिवसही अलीकडे येऊ नका. शस्त्रक्रिया गिनीपिग हाताळण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडूनच करून घ्यावी. एक खूण सांगतो: ‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा’ असे कोणी सांगितले तर पुन्हा चौकशी करावी. गिनीपिगला उलटी होऊ शकत नाही आणि त्याचे पोट रिकामे राहणे हेच अधिक धोक्याचे असते. शस्त्रक्रियेनंतर तो काही तासांत खाऊ लागला पाहिजे.

विलगीकरणाचे तीन आठवडे संपले की दोघांची घरे शेजारी शेजारी ठेवता येतील, पण मध्ये एक जाळी पुरणार नाही. एका जाळीला टेकून नर आणि मादी उभे राहिले तर समागम होऊ शकतो. बारीक छिद्रांच्या दोन जाळ्या लावून त्यांच्यात चार-पाच बोटांचे अंतर ठेवा. उंची किमान ४० सेंटिमीटर असावी आणि शक्य असल्यास वरून झाकण असावे. मादीचा वास आलेला नर एरवी जमणार नाही अशी उडी मारतो. या व्यवस्थेत तिला आवाज, वास आणि शेजारी कोणीतरी खाते आहे ही जाणीव हे सगळे मिळेल. ओळखीचा जोडीदार जवळ असला की नव्या जागेच्या ताणातही गिनीपिगच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक कमी वाढते. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ साली लागू झालेल्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांनुसार गिनीपिगला एकटे ठेवताच येत नाही.

आपला पिंजरा दोघांसाठी अपुरा आहे. दोन गिनीपिगना सलग जमिनीचा किमान १२० बाय ६० सेंटिमीटर एवढा भाग हवा, आणि त्याहून मोठा देता आला तर अवश्य द्यावा. माळे चढवून जागा वाढत नाही, कारण हे प्राणी चढत नाहीत, पळतात. लांबीला प्राधान्य द्या. तळ जाळीचा नसावा, त्याने तळपायांना जखमा होतात. जागा कमी असली की जमलेली जोडीही भांडते आणि मग दोष प्राण्यांच्या स्वभावाला दिला जातो. हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

सांजवेळ

एक छोटीशी भर घालते. शेजारी असताना दर तीन-चार दिवसांनी दोघांच्या अंथरुणाचे फडके अदलाबदल करावे. एकमेकांच्या वासावर झोपायची सवय झाली की पहिल्या भेटीतला अर्धा ताण तेथेच कमी होतो. आणि पिल्लाचे वजन आठवड्याला करत राहा. या वयात ते सतत वाढले पाहिजे, नुसते टिकून राहणे पुरेसे नाही.

ओंजळ

तेरा आठवड्यांनी लिहिते आहे, कारण कदाचित कोणाला पुढचे जाणून घ्यायचे असेल.

विलगीकरणाच्या दुसऱ्या आठवड्यात पिल्लाच्या कानामागचे केस गेले. ते गजकर्ण निघाले. औषधोपचाराने ते बरे झाले, पण विलगीकरण त्यामुळे पाच आठवड्यांपर्यंत लांबले. ते संपल्यावर दोघांची घरे दोन जाळ्यांच्या आडोशाने शेजारी लावली. पहिल्याच रात्री आमची मादी आपले लपण सोडून जाळीपाशी येऊन झोपली. त्यानंतर पिल्लाची नसबंदी झाली. शस्त्रक्रियेनंतर तीन तासांत त्याने गवत तोंडात घेतले. सहा आठवडे आम्ही मोजून काढले.

भेट गेल्या रविवारी झाली. पहिली चाळीस मिनिटे तिने त्याला कुंपणभर पळवले, त्याच्यावर चढली आणि एकदा दातही वाजवले. मी दोन वेळा उठले आणि सांजवेळ यांचे शब्द आठवून दोन्ही वेळा परत बसले. तिसऱ्या तासाला तो थकून गवतातच पसरला आणि तिने त्याच्या शेजारी येऊन खायला सुरुवात केली. आता ते नव्या घरात आहेत. ते १८० सेंटिमीटर लांब आणि ७० सेंटिमीटर रुंद आहे.

तिचे आजचे वजन ९३० ग्रॅम आहे. रात्री ती त्याला डावीकडच्या लपणातून अजूनही हुसकावते आणि तो उजवीकडच्या लपणात जाऊन झोपतो. काल भाजी चिरायला घेतली तेव्हा आधी तिने शीळ घातली आणि तिच्या मागोमाग त्यानेही.